सर्वसाधारण रहिवासी

रवळूचे नाव गावच्या मतदारयादीत राहणार की वगळले जाणार, याचा निर्णय त्या रविवारी सकाळी त्याच्याच सोप्यावर व्हावयाचा होता. चौकशीसाठी अंगणवाडीच्या नीलमबाई यादी घेऊन आल्या होत्या. शेतजमीन थोरल्या भावाच्या नावे असल्यामुळे, खानापूर तालुक्यातील या गावाशी रवळूचा संबंध सांगणारा तेवढाच एक सरकारी कागद उरला होता.

"रवळूअण्णा, तुम्ही हितलं सर्वसाधारण रहिवासी हाय काय?"

"जन्मल्यापासनं."

"मग सोमवार ते शनिवार कुठं असतासा?"

"बेळगावात, उद्यमबागला. फाउंड्रीत."

शेजारची नागुबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "बाई, त्यो पाव्हणा हाय. कोंबड्याबी वळखत न्हाईत त्येला."

रवळू हसला खरा; परंतु त्याचे मन गोंधळून गेले. राहणे म्हणजे नेमके काय, याचा विचार त्याने आजवर केलाच नव्हता. उद्यमबागच्या खोलीत त्याची स्वतःची म्हणावी अशी खाटसुद्धा नव्हती. एकाच खाटेवर दिवसा रात्रपाळीचा सौरव निजे व रात्री रवळू. मग तो तेथे राहत होता, असे तरी कसे म्हणावे?

नीलमबाईंनी पुस्तिका उघडली. "तात्पुरतं बाहेर असलं तर नाव ऱ्हातंय, असं लिहिलंय हितं."

"मग मी तात्पुरताच बाहेर हाय."

"किती वर्सं झाली?"

"चौदा."

बाईंनी तेच पान पुन्हा वाचले. चौदा वर्षांविषयी त्यात काही नसावे, कारण त्यांच्याही मुद्रेवर संभ्रम उमटला. त्या रवळूच्या पत्नीकडे वळल्या. "जयाक्का, तुम्हीच सांगा. राहत्यात काय ह्ये हितं?"

"मला इचारू नगासा," जयाबाई म्हणाली. "आयतवारी ताट वाढते, येवढं खरं."

"अण्णा, तुम्ही सांगशिला तसं मी लिहिते. सही तेवढी तुमची."

राहतो म्हणावे, तर ती खाट डोळ्यांपुढे येई. राहत नाही म्हणावे, तर जीभ रेटेना.

"जरा इचार करतो."

"करा की. बुधवारी येते मी परत."

"बुधवारी मी हितं नसतो."

नीलमबाईंनी मान खाली घालून कन्नडमध्ये एक ओळ लिहिली व कागद त्याच्यापुढे सरकवला. रवळूला कन्नड वाचता येत होते; 'येथे राहत नाही', एवढेच त्यात होते. त्याने सही केली.

"आता उद्यमबागला कुणाला भेटू, बाई?" त्याने विचारले. "मी तिथं राहतो म्हणून कोण सांगंल?"