ताटाच्या कडेचा कढीपत्ता

आमच्या अंगणातला कढीपत्ता मी लावलाय. चिकलठाण्याच्या या कॉलनीत आम्ही राहायला आलो, तेव्हा शेजारच्या रईसाभाभींनी आपल्या झाडाच्या मुळाशी फुटलेलं रोप मातीच्या गोळ्यासकट काढून दिलं होतं. आधी कुंडीत जगवलं, मग जमिनीत लावलं. शेंडा खुडत राहिले, तसं ते अंगानं भरलं. मधूनमधून बुंध्याशी आंबट ताक ओतलं. यात आमच्या ह्यांचा वाटा एवढाच, की ताक ते पीत नसत, म्हणून उरायचं.

हे म्हणजे वैजनाथराव. निवृत्त झाले आणि यांना आरोग्याचं ज्ञान झालं. मोबाइलवर काहीतरी वाचायचं आणि फाटकात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं. रोज सकाळी कच्ची पानं चावा, कढीपत्त्यानं केस काळे होतात, नजर सुधारते, साखर उतरते, पोट साफ होतं! सांगणाऱ्याच्या डोक्यावर एक केस नाही, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. "न्या, न्या, घरचंच झाड आहे," असं वर म्हणायचे. लोक पिशव्या घेऊन यायला लागले. पानं खुडण्याइतका वेळ कुणाला? डहाळ्याच मोडायचे.

"अहो, पुरे आता. झाड मरेल," मी म्हटलं.

"तुला समाजकार्य कळायचं नाही."

रईसाभाभींचं मूळ झाड खोली वाढवताना गेलं होतं, त्यामुळं त्यांच्या खट्ट्या दाळीचा बघार, म्हणजे फोडणी, माझ्याच झाडावर चालायची. पण त्या विचारल्याशिवाय पानाला हात लावत नसत. एक दिवस भिंतीवरून बघून म्हणाल्या, "भाभी, ये झाड हाय का खराटा?" मला रडूच आलं. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड, आणि दिवसेंदिवस नुसत्या काड्या उरत चाललेल्या.

अशात ह्यांनी रविवारी अंगणात व्याख्यान ठेवलं. मला पोह्यांचं फर्मान सुटलं. संतापानं मी झाडावर उरलीसुरली होती तेवढी सगळी पानं ओरबाडली आणि फोडणीत टाकली. म्हटलं, मरायचंच आहे तर घरच्यांच्या हातून मरू दे.

व्याख्यान रंगलं. ताटल्या हातात आल्या, तरी यांचं तोंड थांबेना. "पानन्‌पान अमृत आहे!" असं म्हणत एक घास, आणि बोटं आपली जन्माच्या सवयीनं एकेक पान वेचून ताटलीच्या कडेला लावतायत. बघता बघता तिथं हिरवा ढीग झाला.

समोर सांडूभाऊ बसले होते. कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला रोखठोक. "साहेब, तुम्ही तर समदं काढून ठिवलं की!"

हे दचकले. ताटलीकडं पाहिलं. "त्याचं काय... अर्क पोह्यांत उतरलेला असतो."

"मग आमाला कच्चं कामून चावाय लावलं?"

सगळ्यांच्या नजरा ह्यांच्या ताटलीवर. परत वाढताना मी पाहिलं होतं, प्रत्येकाच्या ताटलीच्या कडेला तसाच ढीग होता. पण आपल्या ताटलीत कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी कॉलनीभर झालं, "वैजनाथराव सोता खात नाय म्हणं. कायतरी खोट असंल त्यात, त्यांना ठावं असंल." त्यानंतर फाटकाशी कुणी फिरकलं नाही. हे तिथं एकटेच उभे राहायचे. मला त्यांची कीव आली, नाही असं नाही. पण आनंद जास्त झाला, उगाच खोटं कशाला बोलू?

मी पुन्हा ताक घालायला लागले. पुढं बुंध्याशी लाल कोंब आले, मग काड्यांना पालवी फुटली. पहिली मूठ रईसाभाभींकडं पोचवली आणि थोड्या पानांची घरी कढी केली. हे जेवायला बसले. घासात पान आलं. यांनी माझ्याकडं पाहिलं, मान खाली घातली आणि ते निमूटपणे चावायला लागले. चेहरा असा, की कुणी एरंडेल पाजलंय.

मी उठले आणि त्यांच्या ताटाची कड पुसून दिली.

"अहो, काढून ठेवा तिथं. खिडकी उघडी आहे, खाताना कुणी बघेल."