लेकी बी लिवा

भगवानरावांनी वंशावळीचा कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पसरला. आजोबा, वडील चंद्रभान, चुलते सिताराम. तिघेही पंचेचाळिशीच्या आत पोटाच्या दुखण्याने गेलेले. आता धाकटा भाऊ रंगनाथ अडतिसाव्या वर्षी परभणीच्या दवाखान्यात पडून होता. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ काढून आठ दिवस झाले होते. गावाने हे कधीच करणीवर घातलं होतं.

डॉक्टरीणबाईंना करणी मान्य नव्हती. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या सालचा, चौऱ्याण्णवचा उन्हाळा होता. परदेशात नुकतंच सापडलेलं त्या समजावून सांगत होत्या. शरीरात नव्या पेशी होताना चुका होतात. त्या दुरुस्त करायची सोय काही घराण्यांत जन्मतःच अधू असते. मग पिढ्यान्‌पिढ्या, ऐन उमेदीत हा कॅन्सर गाठतो.

"लेकी कुटं हायेत यात?" मागे उभ्या बायनाबाईंनी विचारलं. त्या भगवानरावांच्या आत्या.

दिलेल्या लेकी वंशावळीत नसतात, भगवानराव म्हणाले. शिवाय त्यांच्या सासरी कळलं तर नातींची लग्नं अडतील.

"नांदायला जाताना रगत हितंच ठिवून गेलो का आमी? लिवा, बाई. माझी बहीण धुरपता, वालूरला दिलेली. सदतिसाव्या वर्षी गेली, रंगनाथावानीच. दुसरी सरजा, सेलूची. तिला पिशवीचा कॅन्सर व्हता."

भगवानरावांनी कागद ओढला. आत्यांनी त्यावर हात दाबून धरला.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही नावं लिहिली. या घराण्यांत बायकांच्या गर्भाशयालाही धोका असतो, त्या म्हणाल्या; वेळेवर सापडलं तर माणूस वाचतं.

"आणि तुमचं काय?" त्यांनी बायनाबाईंना विचारलं.

बायनाबाईंनी भाच्याला बाहेर जायला सांगितलं. ते घुटमळले तेव्हा नुसतं दाराकडे बोट केलं. दार लागल्यावर त्या स्टुलावर टेकल्या.

"माझंबी लिवा. पाळी जाऊन चार वर्सं झाली. दिवाळीपासून पुन्हा अंगावर जायलंय. कुणाला बोलले न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी तपासणीला उद्याच यायला सांगितलं.

"चारठाण्याला दोन लेकी हायेत माझ्या. उद्या तिघी येतो."

बाहेर भगवानराव भिंतीला टेकून उभे होते. चारठाण्याची गाडी किती वाजता, असं आत्यांनी विचारताच त्यांच्या सगळं ध्यानात आलं. जावयांना काय सांगणार, त्यांनी हळूच विचारलं.

"खरं," बायनाबाई म्हणाल्या आणि चपला घालून स्टँडकडे निघाल्या.