तिसऱ्या वायरीचा आवाज

जुनी गाडी दुरुस्त करून आणावी आणि आठवड्याभरात तिनं पुन्हा तेच रडगाणं सुरू करावं, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. आपण मेकॅनिकला चार शब्द सुनावतो, तो गाडीच्या वयाकडे बोट दाखवतो आणि विषय तिथंच मिटतो. नर्सबाईंच्या गाडीचा विषय मात्र मिटला नाही.

त्यांची गाडी उस्तादांच्या शेडमध्ये येई. तीस वर्षं इंजिनात हात घालणाऱ्या उस्तादांची ख्याती होती ती त्यांच्या कानाची. लांब पान्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि कुठला सिलिंडर कामचुकारपणा करतोय ते सांगून मोकळं व्हायचं. लोक लांबून गाड्या घेऊन येत ते याच कानासाठी.

आणि तोच कान दोन वर्षांपासून दगा देत होता. इंजिनाची घरघर ऐकू येई, पण बारीक, तीक्ष्ण आवाज कुठंतरी विरून जात. घरात टीव्हीचा आवाज वाढला, गिऱ्हाइकाला “काय म्हणालात?” असं दोनदा विचारावं लागू लागलं. उस्तादांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. का सांगतील? ज्यांच्या हाताखाली ते शिकले, ते म्हातारे मिस्त्री असेच बहिरे झाले होते. ‘पाना द्या’ म्हटलं की ते पाणी आणून देत आणि सगळी शेड पोट धरून हसे. त्यात सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते तरुणपणीचे उस्तादच! मिस्त्री एक दिवस कामावर यायचे बंद झाले, ते का, हेही कुणी विचारलं नाही.

नर्सबाई घरोघरी जाऊन बाळंतिणींची काळजी घेत. त्या म्हणाल्या, “उस्ताद, गाडी सपाटीवर बरी चालते, पण चढ लागला की झटके मारते. चार माणसं बसली तर पिकअपच राहत नाही. आणि बॉनेटमधून टिक टिक असा आवाज येतो.”

उस्तादांनी इंजिन सुरू केलं, वाकून ऐकलं. घरघर होती, टिक टिक नव्हती.

“कसली टिक टिक, बाई? मिसिंग आहे खरं, इंजिन मधूनच ठोका चुकवतंय, पण ते पेट्रोलमधल्या कचऱ्यामुळं.”

“अहो, मला आत्तासुद्धा ऐकू येतंय!”

“तीस वर्षं झाली मला या धंद्यात,” उस्ताद हसले. “बाळाचं तुम्ही बघा, इंजिनाचं मी बघतो.”

त्यांनी कार्बोरेटर साफ केला, फिल्टर बदलला. एका जागी उभी असताना गाडी बरी वाटली. चढावर नेऊन बघायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

नवव्या दिवशी गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून आली. मागोमाग नर्सबाई पायी आल्या. चेहरा पांढराफटक पडलेला. एका पहिलटकरणीला त्या हॉस्पिटलात घेऊन निघाल्या होत्या. बाळाचे ठोके मंदावले होते. सोबत नवरा होता, सासू होती. हॉस्पिटलच्या वाटेवरच्या चढावर गाडीनं आचके दिले आणि मान टाकली. दुसरी गाडी मिळेपर्यंत अर्धा तास गेला. आई वाचली. बाळ गेलं.

“वेळेत पोचलो असतो तरी वाचलं असतं का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण चढावर मी पोटाला नळी लावून ऐकत होते, उस्ताद. ठोके थांबलेले मला कळले.”

एवढं बोलून त्या निघून गेल्या. त्यांनी एकही वाकडा शब्द काढला नाही, आणि तेच उस्तादांना सोसवेना.

दुपारी त्यांची बायको डबा घेऊन आली, तेव्हा गाडी सुरू होती आणि उस्ताद बॉनेटवर वाकलेले होते. ती दारातच थबकली.

“अहो, हे टिक टिक काय वाजतंय?”

उस्तादांच्या हातातला पाना खाली पडला. दारातून! दारातून तिला ऐकू येत होतं!

त्यांनी शटर ओढून शेडमध्ये काळोख केला आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तिसऱ्या वायरीवरून निळी ठिणगी इंजिनाच्या अंगावर उडाली. पुन्हा उडाली. वायरीचं रबर तडकलं होतं. गाडीवर भार आला की ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाहेरच पळत होती आणि तो सिलिंडर मुका पडत होता. त्या ठिणगीचाच तो आवाज. वायर बदलणं दहा मिनिटांचं काम होतं.

उस्ताद जमिनीवर बसले. “मला ऐकू येत नाही गं,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली.”

“मला ठाऊक आहे. दोन वर्षं मी तुमच्याशी ओरडून बोलते, ते काय भांडायची हौस म्हणून? कानाच्या यंत्राचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठायचात.”

“लोक हसले असते.”

“चष्मा लागला तेव्हा कोण हसलं? उलट ‘साहेब दिसता’ म्हणाले, आणि तुम्ही आठवडाभर मिरवलात! डोळ्याला काच चालते, मग कानाला यंत्र का नको? हसणारे चुकलेच. पण तुम्ही ते लपवलंत आणि वर त्या बाईलाच खोटं पाडलंत. तिचं तरी ऐकायचं होतं!”

उस्ताद लहान मुलासारखे रडले.

संध्याकाळी ते नर्सबाईंकडे गेले आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. नर्सबाई म्हणाल्या,

“मला ऐकू येत नाही, एवढं त्या दिवशी म्हणाला असतात ना, तर मी गाडी दुसरीकडे दाखवली असती. मनात राग न धरता.”

दुसऱ्या दिवशी ते त्या आईवडिलांच्या घरीही गेले. बापानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि दार हळूच लावून घेतलं. उस्ताद किती वेळ तिथं उभे होते, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

आता त्यांच्या कानाला यंत्र आहे. ठोकाठोक सुरू झाली की शेडमधल्या प्रत्येकाच्या कानांवर संरक्षक टोप असतात. मिसिंगची गाडी आली की ते आधी सांगतात, “बारीक आवाज मला नीट ऐकू येत नाही. तुम्हाला काय ऐकू येतं ते सांगा.” मग एकेक वायर तपासतात आणि गाडी चढावर नेऊन आणल्याखेरीज परत देत नाहीत. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. त्याचं त्यांना आता काही वाटत नाही. पण तान्ह्या बाळाला घेऊन कुणी रस्त्यानं चाललं की ते पाठ फिरवून हत्यारं पुसत बसतात.

वाचकहो, कमी ऐकू येणारी माणसं आपल्या घरात आहेत, कचेरीत आहेत. त्यांचं चुकीचं उत्तर ऐकून आपण हसतो आणि दुसऱ्या क्षणाला विसरतो. ते विसरत नाहीत, ते लपवायला शिकतात. आपण हसणं सोडू या. आणि ज्याला कमी ऐकू येतं त्यानंही बिनदिक्कत सांगावं, कारण आपल्या कामावर दुसऱ्याचा जीव विसंबलेला असू शकतो. ‘मला ऐकू येत नाही’ हे चार शब्द बोलण्यात कसलीही लाज नाही. एका बाळासाठी ते फार उशिरा बोलले गेले.