न खाल्लेला बताशा

एस्प्लनेडला मुकुंदच्या ऑफिसातला हॉल गच्च भरला होता. बहुतेकांची पोटं सुटलेली, खिशात मधुमेहाच्या नाहीतर रक्तदाबाच्या गोळ्या. समोर प्रसन्नदा, केवळ आनंदाने बारा मिनिटांत साखर उतरवणारे.

पद्धत सोपी होती. मुठीत ग्लुकोजच्या भुकटीत घोळलेला बताशा धरून साहेबांचा चेहरा आठवायचा. बताशा खायचा नाही, नुसता चुरडायचा; ती आपली चिंता. मग बोट टोचून साखर मोजायची. नंतर ‘कृतज्ञता-जला’त हात बुडवायचे, तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या, हसायचं आणि पुन्हा मोजायचं. दोनशे नव्वदचे एकशे साठ होत, टाळ्या पडत. स्पिरिटचा बोळा वर्ज्य. त्याने म्हणे स्पंदनं गुदमरतात.

माझ्या नवऱ्याने, मुकुंदने, पाच दिवसांपासून गोळ्या सोडल्या होत्या. “तू शाळेत रसायनशास्त्र शिकव, उज्ज्वला. हे मनाचं शास्त्र आहे,” तो म्हणाला होता. त्याच्या टाचेची जखम भरत नव्हती. तिला हे शास्त्र कुणी सांगितलं नसावं.

आज कुटुंबीयांनाही बोलावलं होतं. मी हात वर केला. मला मधुमेह नाही हेही सांगितलं. प्रसन्नदा खूश झाले.

मी फक्त क्रम बदलला. आधी साबणाने हात धुऊन मोजलं : शहाण्णव. मग तीन चांगल्या गोष्टी सांगितल्या, मनापासून हसले आणि सर्वांत शेवटी बताशा चुरडला. त्याच चिकट बोटाला सुई टोचली. तीनशे बारा.

“मला आनंद बाधतो बहुतेक,” मी म्हटलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या मनात शंका आहे, असं प्रसन्नदांनी निदान केलं. मी शंका साबणाने धुतली, हात कोरडे केले. सत्त्याण्णव.

“बताशावरचं ग्लुकोज बोटावर होतं. रक्ताच्या थेंबात ते मिसळलं आणि यंत्राने तेही मोजलं. मुकुंद, आता तू. हात धुऊन.”

तो धुऊन आला. दोनशे अठ्ठेचाळीस. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. प्रसन्नदा बताशांचा डबा आवरू लागले.

परतताना मुकुंदने विचारलं, “म्हणजे मनाचं सगळं खोटंच?”

“नाही. ताणाने साखर वाढते. चांगलं काय घडलं ते आठवायला शिकवणारे मानसोपचारही आहेत. पण त्याचं शिक्षण घेतलेला माणूस त्याला आठवडे-महिने देतो आणि गोळ्या बंद करायला सांगत नाही. उद्या डॉक्टरांना जखम दाखवू.”

“आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर?”

“आधी हात धुवायचे. मग मोजायचं.”