हरणं ज्याला भीत नव्हती तो छकडा

मित्रांनो, वाटूर गावाबाहेर माझ्या मालकांच्या, कारभारींच्या बांधावर एक मोडका छकडा उभा दिसेल. त्याच्या एका चाकाची लोखंडी धाव निखळली आहे आणि अंगावर बोरीच्या काट्या टाकल्या आहेत. तो छकडा म्हणजे मी.

पुंजाराम सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. त्याच वर्षी कारभारींचं लग्न झालं आणि द्वारकाबाई माझ्यात बसूनच सासरी आल्या. पुढे मला बहुतेक त्यांनीच हाकलं. कारभारी अबोल माणूस, बैलांनाही हात लावूनच सांगायचे. द्वारकाबाईंना मात्र बोलल्याशिवाय कासरा धरता येत नसे. आज काय शिजवलं, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, कुणाची गाय आटली, सगळं त्या सोन्या आणि तांबड्या या बैलांना सांगायच्या.

आमच्या माळावर तेव्हा हरणांचे कळप होते. पायी माणूस दिसला की ती उधळत. बैलगाडी रोजचीच, तिला भीत नसत. मला तर मुळीच नाही. द्वारकाबाईंचा आवाज कानावर घेत ती चरत राहायची.

म्हणूनच बिदरचे जहूरमियाँ आमच्याकडे येत. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि त्यांना शिकारीचा नाद होता. पूर्वी बिदर आणि वाटूर एकाच हैदराबाद राज्यात होती, तेव्हा ते वडिलांबरोबर आमच्या माळावर यायचे. मग राज्यांच्या हद्दी बदलल्या आणि जहूरमियाँ परराज्यातले शिकारी ठरले. काळवीट मारायला परवाना लागे. परवाने मोजकेच निघत आणि ते आधी इथल्या लोकांना मिळत. बाहेरच्यांसाठी एकच असे. त्यासाठी पुष्कळ अर्ज येत, म्हणून जंगल खात्याच्या कचेरीत चिठ्ठ्या टाकून नाव काढत. जहूरमियाँ दर दिवाळीला अर्ज करत आणि दर वर्षी चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची निघे.

तरी हिवाळ्यात ते येतच, बंदूक घरी ठेवून. द्वारकाबाई त्यांना माझ्यात बसवून कळप दाखवून आणायच्या. कळपाकडे सरळ जायचं नाही आणि थांबायचंही नाही. गोल फिरत हळूहळू जवळ सरकायचं आणि बोलणं चालू ठेवायचं, अशी त्यांची रीत होती.

"औंदाबी न्हाई निघाली का चिठ्ठी, मियाँभाई?" त्या चिडवायच्या. "मंग भाकर खायालाच आले म्हणा की."

"एक डाव निघू द्या, भाभी. कळपातल्या मोठ्या काळ्याला तुमच्याच गाडीतून घेतो बघा."

"तवर त्या काळ्याला नातू व्हतील."

सत्तर सालच्या पावसाळ्यात द्वारकाबाईंना कावीळ झाली. एसटीच्या थांब्यापर्यंत मीच त्यांना नेलं. जालन्याच्या दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर कारभारी बोलेनासेच झाले. लोक यायचे, जवळ बसायचे, देवाची मर्जी म्हणायचे. कारभारी मान हलवायचे. भावजय साळूबाई ताट आणून ठेवायची, ते अर्धं तसंच राहायचं. हरभरा तेवढा त्यांनी कसाबसा पेरला, मग मला कुणी जुंपलं नाही.

नेमकी त्या हिवाळ्यात जहूरमियाँची चिठ्ठी निघाली. खांद्याला बंदूक अडकवून हसत आले आणि दारातूनच म्हणाले, "भाभी, निघाली बरं का."

साळूबाईने बाहेर येऊन काय झालं ते सांगितलं.

परवाना आठच दिवसांचा होता. ते सगळे दिवस जहूरमियाँ ओट्यावर कारभारींजवळ बसून राहिले, शिकारीचं नाव काढलं नाही. शेवटच्या दिवशी दुपारी म्हणाले, "भाऊ, परवाना आजचाच हाये. दुसऱ्याच्या गाडीत मी बसत न्हाई. तुम्ही हाकता का? न्हाई तर बिदरला जातो."

कारभारी उठले. चाकांच्या आखाला वंगण घातलं आणि बैल जुंपले.

माळावर आम्ही गोल फिरू लागलो. हरणांनी माना वर केल्या आणि ती उधळली. दुसऱ्यांदाही तेच झालं. दिवस कलायला लागला.

"गाडी मुकी हाये म्हणून भ्यायलीत," जहूरमियाँ म्हणाले. "भाभी बोलत राह्यची."

"मला न्हाई येत."

"माझ्याशी नका बोलू. बैलाला बोला."

कारभारींनी मला पुन्हा फेऱ्यावर घेतलं. मग कारभारी म्हणाले, "सोन्या, आज भाकर करपली व्हती. साळूनं केल्ती. तिला काय म्हणावं, ती बिचारी दोन घरचं करून राह्यली." बैल चालत राहिले. कारभारीही थांबले नाहीत. "जालन्याला जाताना ही म्हणली, हरभरा पेरा, वावर पडीक ठिवू नका. पेरला. बराबर आलाय. पर बघाया कोन हाये, तांबड्या?"

हरणं चरत राहिली. आमचा फेरा लहान होत गेला. मोठा काळा आडवा उभा होता, इतका जवळ की त्याच्या शिंगांचे पीळ दिसत होते. जहूरमियाँनी बंदूक खांद्याला लावली. त्यांचा गुडघा माझ्या फळीवर घट्ट रोवलेला मला जाणवत होता. कारभारींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते बैलांना द्वारकाबाईंचं सांगत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

जहूरमियाँनी बंदूक खाली घेतली, काडतूस काढून खिशात टाकलं.

सूर्य बुडाल्यावर आम्ही परतलो. बैल सोडताना कारभारींनी विचारलं, "मियाँभाई, एवढ्या वर्षांनी चिठ्ठी निघाली. मंग बंदूक का न्हाई वाजवली?"

"वाजवली असती तर तुम्ही गप झाले असते."

पुढे कायदा आला आणि शिकारच बंद झाली. जहूरमियाँ हिवाळ्यात येत राहिले आणि कारभारी मला जुंपत राहिले. मग बैल थकले, गावात ट्रॅक्टर आला आणि मी इथे बांधावर आलो. जमलं तर मला दुरुस्त करा, नाही तर निदान पावसातून आत घ्या. पण मित्रांनो, माझं खरं मागणं दुसरंच आहे. ज्याच्या घरचं माणूस गेलंय, त्याच्यापुढे नुसते हात बांधून बसू नका. त्याला काही काम सांगा. गाडी जुंपा, मला माळापर्यंत सोडा, असं म्हणा. आणि वाटेत तो बोलू लागला, तर तुमचं काम राहिलं तरी चालेल, त्याला बोलू द्या.