एकदाच विचारलेलं

डर्व्हलाने ग्लास तिरका धरून दुसरी बाटली ओतली आणि फेस काठाशी येऊन थांबल्यावर तो पाहुण्यापुढे सरकवला. पहिली बिअर, गूजबेरीची आंबट, त्याने दोन घोटांतच बाजूला ठेवली होती.

"ही मला आवडली नाही," योस्ट म्हणाला होता. सरळ, तोंडावर.

आयर्लंडच्या या कोपऱ्यात, लायट्रिममध्ये, असं कुणी बोलत नाही. चव अगदीच भयंकर असली तर माणसं "वेगळीच आहे हो" म्हणतात आणि उरलेली हळूच कुंडीत ओततात. डर्व्हलाची आई नोरीन क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिली. पण माणूस हॉलंडमधल्या हार्लेमहून आला होता, त्यांच्या बिअर तिकडे विकायला नेणार होता. तिने राग गिळला आणि मनुकांचा केक कापायला घेतला.

"घ्या, एक तुकडा."

"नको, धन्यवाद."

"छोटासाच."

"नको, खरंच."

"अहो, तोंड गोड करण्यापुरता तरी!" आणि केक बशीत पडलासुद्धा, वर बोटभर लोण्याचा थर.

"मी नको म्हणालो होतो," योस्ट म्हणाला.

"हो, ऐकलं ना मी," नोरीन समजूत घातल्यासारखी म्हणाली.

डर्व्हलाने हसू दाबलं. बिचाऱ्याला कोण सांगणार, की इथं पहिलं 'नको' हे फक्त चांगल्या वळणाचं लक्षण असतं.

दुसरी बिअर काळी होती, पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, धुरावर सुकवलेल्या बार्लीची. गावातली जुनी डेअरी बंद पडली तेव्हा वडिलांनी तिथं ही ब्रुअरी थाटली. पुढे ते अंथरुणाला खिळले आणि डर्व्हला डब्लिनची नोकरी सोडून सहा महिन्यांसाठी म्हणून आली. त्याला सात वर्षं झाली. वडील जाऊनही चार वर्षं होऊन गेली होती. भाऊ ऑस्ट्रेलियात, नाताळला न चुकता फोन करणारा. डर्व्हलाच्या परत जाण्याची गोष्ट या घरात कधी कुणी काढलीच नव्हती, आणि कुणी काढल्याशिवाय ती तरी कशी काढणार?

योस्टने ग्लास नाकाशी धरला. एक घोट घेतला, मग दुसरा, आणि चक्क अर्धा ग्लास गुपचूप संपवला.

"ही कोणी केली?"

"आमच्या ह्यांचीच कृती," नोरीन म्हणाली.

"मी केली," डर्व्हला म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला.

योस्टने ग्लास खाली ठेवला. "हार्लेमला आमची स्वतःची ब्रुअरीही आहे. तिथं मुख्य ब्रुअरची जागा रिकामी होतेय. जानेवारीपासून. तुम्ही याल?"

तिचे कान तापले. रात्र रात्र जागून ज्याची वाट पाहिली ते असं, दुपारी तीन वाजता, केकच्या बशीशेजारी येऊन पडलं होतं.

"छे हो, मी कुठली एवढी मोठी!" तिच्या तोंडून गेलं. "इथं बरं चाललंय माझं."

हे काही उत्तर नव्हतं. हे उत्तराच्या आधीचं बोलणं. आता त्याने म्हणायचं, अहो या हो. तिने म्हणायचं, पण आईचं काय? त्याने तिसऱ्यांदा म्हणायचं, आणि मग तिने मान खाली घालून हो म्हणायचं, जणू त्याच्याच आग्रहाखातर. इथली निम्मी लग्नं अशीच ठरलेली. तिने टेबलाची कड धरली आणि वाट पाहिली.

"ठीक आहे, समजलं," योस्ट म्हणाला. "मग उद्या दुसऱ्या एकाला विचारतो." आणि त्याने तिसऱ्या बाटलीकडे बोट दाखवलं.

मूर्ख, ती मनात स्वतःला म्हणाली. मूर्ख, मूर्ख. तिने आईकडे पाहिलं. नोरीनला सगळं कळलं होतं. न कळायला ती काय हॉलंडची होती? "अहो, ती तसंच म्हणते, परत विचारा," एवढ्या एका वाक्याचं काम होतं. नोरीन पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसत होती.

"तिसरी ओत गं," ती म्हणाली.

डर्व्हला त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली. गावात महत्त्वाचं बोलणं नेहमी गाडीच्या दाराशीच निघतं, निरोप घेऊन झाल्यावर. तिने दार धरून ठेवलं.

"काळी बिअर उत्तम आहे," योस्ट म्हणाला. "केक मात्र फार गोड होता."

मला यायचंय. दोनच शब्द, अगदी दातांपर्यंत आलेले. पण कुणी न विचारता आपणच मागायचं? तिने दार लावून दिलं. गाडी पूल ओलांडून दिसेनाशी झाली तरी ती हात हलवतच उभी होती.

आत आली तेव्हा नोरीन पाठमोरी उभी राहून ग्लास विसळत होती.

"जायचं होतं का गं तुला?"

सात वर्षांत पहिल्यांदाच.

डर्व्हलाने केकची बशी उचलली. "छे," ती म्हणाली. "मी कुठं जातेय."

"मग बरंय," असं म्हणून नोरीनने नळाला पाइप लावला आणि फरशी धुवायला घेतली.