आपल्या गंगेचं नाव

“बेटी, लेकराला गाण्याचा अर्थ जरूर सांगा. पण गोजरबाईच्या कानावर जाऊ देऊ नका,” पंक्चरवाले गुलाम नबी चाचा मला म्हणाले होते. मी हसले. राष्ट्रगीताचा अर्थ ही काय कुणापासून लपवायची गोष्ट आहे?

आम्ही तेव्हा शहागडला होतो. यांची नोकरी पाटबंधारे खात्यात. भाड्याची खोली हायवेच्या अलीकडे, थोरल्या केतकीची शाळा पलीकडे. मधून ट्रक असे जायचे की खिडकीतल्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. धाकटा अंगावर पिणारा, त्यामुळे सकाळी केतकीला पोचवायला मला जमेना. शेजारची गोजरबाई आपणहून न्यायला लागली. सडक ओलांडताना ती पोरीचा हात धरायची नाही, मनगट धरायची. “हात निसटतो बाई. मनगट न्हाई निसटत.” तरी त्या पलीकडे पोचेपर्यंत माझा जीव उंबऱ्यावर टांगलेला असायचा.

पोरीला सोडून गोजरबाई लगेच परतत नसे. शाळेच्या भिंतीजवळ दगडावर मिश्री घासत बसायची. राष्ट्रगीत सुरू झालं तरी बसलेलीच. पण नद्यांची नावं आली आणि पोरं ‘गंगा’ म्हणाली, की चटकन उठायची, मागं नदीकडं वळून हात जोडायची आणि पुन्हा बसायची.

आमच्या त्या भागात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. गंगेला पाणी आलं, गंगेवर धुणं नेलं, असंच बोलतात. गोजरबाईचं माहेर धरणात गेलेलं. ती म्हणायची, “गाव बुडालं तर बुडालं. पर आपल्या गंगेचं नाव दिल्लीपस्तोर गेलं. साऱ्या देशाची लेकरं रोज घेत्यात.”

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली ते साल. चाचांच्या पंक्चरच्या दुकानापुढं जो तो राष्ट्रगीतावर बोलत होता. केतकीचे बद्रीनाथ सर म्हणाले, “चाल चांगली आहे, पण शब्द लई जड. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची जीभ वळत नाही. साध्या मराठीत पाहिजे होतं.”

“मंग मद्रासवाल्यानं काय करायचं, सर?” चाचांनी ट्यूब पाण्यात दाबत विचारलं. “आत्ता कुणालाच पुरं कळत न्हाई. म्हंजे इन्साफ बराबर हाय!”

सगळे हसले. चाचा मात्र बुडबुडे बघत म्हणाले, “आमच्या लहानपणी शाळेत निजामाला लंबी उमर मिळावी म्हणून दुआ म्हणायचो. उमर त्याची, पाय आमचे दुखायचे. ह्या गाण्यात राजा न्हाई. डोंगर हायत, नद्या हायत. नदीसाठी उभं राहायला आपल्याला बिलकुल जड जात न्हाई.”

मी कॉलेजात शिकलेली. मला ते गीत नकाशा मोठ्यानं वाचल्यासारखं वाटायचं. अर्थ न सांगता पोरांना ताठ उभं करायचं, हे तर मुळीच पटत नसे. म्हणून त्याच संध्याकाळी मी केतकीला एकेक शब्द समजावला. हा डोंगर, ही नदी, ही उत्तरेकडची, लांबची.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी सडकेच्या मध्यावर होत्या आणि मला इकडून दिसलं, गोजरबाई एकदम थांबली. समोरून ट्रक. हॉर्न. तिनं पोरीला ओढत पलीकडं नेलं. पण त्या दिवशी ती दगडावर बसली नाही, तडक माझ्या दारात आली.

“केतकी म्हंती, गाण्यातली गंगा आपली न्हाई. खरं का गं?”

“हो मावशी. ती उत्तरेतली. आपली ही गोदावरी.”

“गोदावरी कागदावर. समदे गंगाच म्हंत्यात की.”

“म्हणतात. पण गाण्यातली ती नाही.”

“आसं,” एवढंच म्हणून ती आपल्या घरात गेली.

तेव्हापासून ती पोरीला सोडायची आणि गाण्याआधीच परत फिरायची. पुढे प्रजासत्ताक दिन जवळ आला तसे बद्रीनाथ सर घरी आले. “वहिनी, केतकी त्या एका शब्दाला तोंड मिटून घेते. सव्वीस तारखेला तहसीलदार येणार, ही पहिल्या रांगेत. कुणी बघितलं तर म्हणतील, घरात काय शिकवतात?”

केतकीला आधी गोडीत सांगितलं, मग रागावले. तिचं एकच, “आजीची नदी नाही, तर मी म्हणणार नाही.”

शेवटी गोजरबाईकडे गेले. ती तूर निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, “मी काय करू बाई? अर्थ तू सांगितलास. आता अर्थालाच सांग, तिला समजव म्हणावं.”

मी परत आले. सकाळी मात्र उंबऱ्यावरून ऐकू आलं. पोरीचं मनगट धरत ती म्हणत होती, “काय गं, तोंडाला कुलूप लावून राह्यलीस म्हणं?”

“ती तुझी नदी नाही ना.”

“न्हाई तर न्हाई. तिकडच्या नदीवरबी कोणी म्हातारी आसंल की. धुणं धूत आसंल. तिच्या नदीचं नाव यायच्या टायमाला तू गप बसलीस तर ती काय म्हणंल? शहागडच्या पोरी लईच माजल्या!”

केतकी खुदकन हसली. मला हसू आलं नाही. मी ट्रक बघत होते.

सव्वीस जानेवारीला धाकट्याला कडेवर घेऊन मीही भिंतीजवळ उभी राहिले. गोजरबाई या वेळी पहिल्या ओळीपासून उभी होती, पोरांसारखी ताठ. तो शब्द आला. केतकीचं तोंड उघडलं, चांगलं मोठं उघडलं. माझा श्वास सुटला. मी गोजरबाईकडे पाहिलं. तिचे हात छातीपर्यंत आले होते, ते तिनं पुन्हा खाली सोडले. ती वळली नाही. गाणं संपलं, पोरं जिलेबीकडं धावली, तेव्हा ती सावकाश मागं वळली आणि नदीला हात जोडले.

“मावशी, आता का?”

“तिकडलीचं झालं,” ती म्हणाली. “आता आपलीचं.”

माझ्याशी ती पुन्हा पहिल्यासारखी बोलली नाही. अर्थ सांगायलाच हवा, असं मला अजूनही वाटतं. पण राष्ट्रगीत सुरू झालं की त्या शब्दाला माझे कान टवकारतात, आणि संपल्यावर मी लगेच हलत नाही.

पुढे आमची बदली जालन्याला झाली. गोजरबाईला वाचता येत नाही, त्यामुळे पत्राचा उपयोग नाही. सडकेवरचे ट्रक वाढलेत, असं ऐकते. तिच्याबरोबर ओलांडायला आता कुणाचं पोर आहे की ती एकटीच जाते, ठाऊक नाही.

तुम्ही सकाळी शाळा भरायच्या वेळेला शहागडवरून जाणार असाल, तर जरा थांबा. भिंतीजवळ दगडावर एक म्हातारी दिसते का पाहा. गाणं संपल्यावर ती नदीकडं वळते का, तेवढं बघा. आणि परत सडक ओलांडायला लागली, तर तिला धरा. हात नको, मनगट धरा.